दुसऱ्या गाडीचा विमा: काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये

वटार, राजोडी, नवापूर, सत्पाळा ही वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांची गावे नालासोपारा आणि विरार या स्थानकांपासून अंतरावर असल्यामुळे, नोकरीसाठी सकाळी एक गाडी बाहेर पडल्यावर घरातल्या वृद्धांना दवाखान्यात नेण्यासाठी किंवा वाडीच्या कामासाठी दुसरी गाडी हाताशी असणे येथील अनेक कुटुंबांना आवश्यक वाटते, आणि ती बहुधा जुनी किंवा वापरलेली घेतली जाते. तिच्या विम्याबाबत एक मत सर्रास मांडले जाते: दुसरी गाडी फारशी चालत नाही, म्हणून तिला नुसता थर्ड पार्टी विमा पुरे, आणि तोही जी कंपनी सर्वांत कमी पैशांत देईल तिच्याकडून घ्यावा. हे मत काटकसरीचे वाटते. परंतु त्यातील दोन्ही विधाने चुकीच्या गृहीतकांवर उभी आहेत. दुसऱ्या गाडीचा स्वस्त विमा संरक्षण तोडून मिळत नाही. ज्या गोष्टीचे पैसे पहिल्या गाडीसोबत एकदा भरले आहेत, त्या गोष्टीचे पैसे पुन्हा न भरण्याने मिळतो.

प्रथम कमी दराच्या थर्ड पार्टी विम्याचा शोध तपासावा लागतो. थर्ड पार्टी विमा म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या जिवाला, शरीराला किंवा मालमत्तेला झालेल्या हानीची भरपाई करणारा विमा; मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 146 प्रमाणे तो नसताना गाडी सार्वजनिक ठिकाणी आणता येत नाही. त्याचा मूळ हप्ता केंद्र सरकार विमा नियामक प्राधिकरणाच्या सल्ल्याने ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी वार्षिक 2094 रुपये, 1000 ते 1500 सीसीसाठी 3416 रुपये आणि त्यापुढील मोटारीसाठी 7897 रुपये असा तो हप्ता ठरला, आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. दर सरकारने बांधून दिलेला असल्यामुळे नालासोपाऱ्याच्या एजंटाकडे आणि मुंबईच्या कार्यालयात तो एकच असतो. तेव्हा विम्याच्या या भागात घासाघीस करण्याला अर्थ नाही, आणि बांधलेल्या दराहून बरीच स्वस्त पॉलिसी कोणी देऊ करत असेल तर ती खरी आहे का, हे आधी पडताळावे.

हा विमाच टाळावा, कारण गाडी अंगणातच असते, असेही म्हटले जाते. अंगणातली गाडी वर्षातून एकदा जरी रस्त्यावर आली तरी कायदा लागू होतो. पहिल्या गुन्ह्याला 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे, आणि दंडाहून मोठी गोष्ट अशी की अपघातात मृत्यू झाल्यास न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाला स्वतःच्या मालमत्तेतून द्यावी लागते. वाडी हीच ज्या कुटुंबाची मालमत्ता आहे, त्याने हा धोका पत्करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आता मुख्य मुद्दा, उभ्या गाडीला धोका नसतो हा. थर्ड पार्टी विमा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही देत नाही. ती भरपाई स्वनुकसान विम्यातून, म्हणजे लोक ज्याला ओन डॅमेज म्हणतात त्या भागातून होते, आणि त्यात अपघाताबरोबर आग, चोरी, पूर व वादळ यांचाही समावेश असतो. यांपैकी अपघात वगळता बाकीच्यांना गाडी चालू असावी लागत नाही. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा पाणी उभ्या गाड्यांमध्येच शिरले, आणि मे 2021 मधील तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर झाडे पाडली तेव्हा झाडाखाली उभी असणे हाच धोका होता. माडाखाली किंवा आंब्याखाली गाडी ठेवणाऱ्या वटारच्या माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

येथे एक बारकावा नीट समजून घ्यावा लागतो. पाण्यात बुडालेल्या गाडीचा स्टार्टर मारला की इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्याचा उलटा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो, रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. कंपनी हे नुकसान पुराचे न मानता चालकाच्या कृतीतून उद्भवलेले परिणामी नुकसान मानते आणि थर्ड पार्टी आणि स्वनुकसान एकत्र असलेल्या साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत ते नाकारते. इंजिन संरक्षणाचे ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घेतलेले पूरक कलम, हे अंतर भरून काढते. म्हणून या किनारपट्टीवर आकर्षक वाटणारी इतर पूरक कलमे सोडावीत, पण हे सोडू नये. गाडी इतकी जुनी झाली असेल की तिचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, नगण्य उरले आहे, तर नुसता थर्ड पार्टी विमा पुरेसा ठरतो हे मान्य करावे लागते; मात्र तो निर्णय आयडीव्ही पाहून घ्यावा, गाडी किती फिरते हे पाहून नव्हे.

मग काटकसर कुठे करावी? पहिली जागा नो क्लेम बोनसची. दावा न केलेल्या वर्षांगणिक स्वनुकसान हप्त्यात 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के अशी सूट मिळते. ती गाडीची नसून मालकाची असते, परंतु एकाच वेळी दोन गाड्यांना लावता येत नाही, आणि म्हणून पहिली गाडी ठेवून घेतलेली दुसरी गाडी शून्यापासून सुरू होते. दुसरी गाडी नवी घेतली आणि घरातल्या जुन्या गाडीचा स्वनुकसान हप्ता 4000 व नव्या गाडीचा 16000 रुपये आहे असे उदाहरणादाखल धरले, तर 50 टक्के सूट जुनीवर 2000 वाचवते आणि नवीवर 8000. जुनी गाडी आधी पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर आरसी पुस्तकासह रीतसर हस्तांतरित करून कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घेतले, तर ती सूट तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. हस्तांतर कागदोपत्री पूर्ण होणे मात्र अपरिहार्य आहे, कारण नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच दायित्वासाठी मालक मानला आहे.

दुसरी जागा मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची. 15 लाख रुपयांचे हे संरक्षण सक्तीचे असले तरी ते व्यक्तीचे आहे, गाडीचे नाही. जानेवारी 2019 पासून ते पॉलिसीपासून वेगळे घेता येते आणि एकाच मालकाच्या सर्व गाड्यांना एकच पुरते. तरीही दुसऱ्या पॉलिसीत ते पुन्हा जोडले जाते आणि मालक न वाचता पैसे भरतो. गाडी मुलाच्या नावावर केली तर हे संरक्षण त्याला स्वतंत्र घ्यावे लागते, तेव्हा बोनसची बचत आणि हा खर्च एकत्र मांडूनच निर्णय करावा.

तिसरी जागा जुलै 2022 मध्ये प्राधिकरणाने खुली केली: कमी धावणाऱ्या गाडीला किलोमीटरप्रमाणे हप्ता, आणि एकाच मालकाच्या अनेक वाहनांना मिळून एक फ्लोटर पॉलिसी. आपली दुसरी गाडी कमी चालते असे ज्याला म्हणायचे आहे, त्याने ते येथे म्हणावे. एजंट स्वतःहून हा पर्याय काढत नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी तो मागावा.

मात्र वाडीच्या गावात एक धोका या सर्व हिशेबाला छेद देतो. खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादेचे कलम असते, आणि त्यानुसार भाड्याने वापर करणे तसेच नमुने व वैयक्तिक सामान यांखेरीज मालाची वाहतूक करणे वगळलेले असते. विक्रीच्या फुलांच्या टोपल्या किंवा केळीचे घड दररोज खासगी गाडीतून नेणाऱ्याचा दावा या कलमावर अडू शकतो. अशा गाडीची नोंदणी आणि विमा व्यावसायिकच हवा, मग तो महाग का असेना.

शेवटी एक आक्षेप सरकारी दरावरच घ्यावा लागतो. एक माणूस एका वेळी दोन गाड्या चालवू शकत नाही, तरी दोन्हींचा थर्ड पार्टी हप्ता पूर्ण भरावा लागतो. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना एकाच कंपनीकडे दोन गाड्या ठेवल्यास सवलत मिळते आणि ती तेथे सामान्य बाब आहे. दुसरी गाडी घरातली दुसरी माणसे चालवतात, म्हणून धोका निम्मा होत नाही, असे उत्तर यावर दिले जाईल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु धोका निम्मा होत नाही म्हणजे तो मुळीच कमी होत नाही असे नव्हे. इलेक्ट्रिक मोटारींना 15 टक्के सवलत याच दरपत्रकात दिलेली आहे, म्हणजे सवलतीचे तत्त्व सरकारने स्वीकारलेले आहे. 2022 चे दर ठरण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून सूचना मागवल्या गेल्या होत्या. पुढचा मसुदा येईल तेव्हा एकाच मालकाच्या दुसऱ्या गाडीसाठी वेगळा दर असावा, ही सूचना वटारसारख्या गावांतून लेखी गेली पाहिजे.