घरगुती तंत्र : रोबोटच्या रिमोटला कुठले सेल?

गावी ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की आपण ते उन्हात ठेवत असू आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता आवाज परत मिळवत असू. ती काटकसर इथे ऑस्ट्रेलियातही सुटलेली नाही. म्हणूनच मुलांनी रोबोट बांधायला घेतला की घरोघरी प्रश्न निघतो : दर शनिवार-रविवारी रिमोटमध्ये नवे सेल घालायचे, की चार्ज होणारे आणायचे?

आमचे उत्तर : चार्ज होणारेच आणा, पण त्यांचा स्वभाव ओळखून वापरा.

साधा अल्कलाइन पेन्सिल सेल 1.5 व्होल्टचा, तर चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचा. म्हणजे चार सेलच्या रिमोटला 6 ऐवजी 4.8 व्होल्ट मिळतात. बहुतेक रिमोट त्यावर व्यवस्थित चालतात. खरा फरक उतरण्याच्या तऱ्हेत आहे. अल्कलाइन सेल पहिल्यापासून हळूहळू उतरतो. चार्ज होणारा बराच वेळ 1.2 च्या आसपास टिकतो आणि शेवटी एकदम बसतो. त्यामुळे अल्कलाइनच्या हिशेबाने ठेवलेला इशाऱ्याचा दिवा फसवतो : कधी सेलमध्ये भरपूर जीव असतानाच लागतो, तर कधी लागल्यावर हाताशी फारच थोडा वेळ उरतो. काही रिमोटमध्ये सेलचा प्रकार किंवा इशाऱ्याचा आकडा बदलता येतो. माहितीपुस्तिका पाहून तो बदलून घ्यावा. ती सोय नसेल तर दिव्याची वाट न पाहता खेळाच्या दिवशी सकाळी ताजा संच घालावा.

एवढी काळजी कशासाठी? टीव्हीचा रिमोट बंद पडला तर फार तर मालिका चुकते. रोबोटचा रिमोट बंद पडला आणि रोबोट चालतच राहिला, तर कुणाचे बोट किंवा पाय सापडू शकतो. चांगला रिसीव्हर संदेश तुटताच मोटर थांबवतो, पण ती सोय नीट जुळवलेली असावी लागते. तपासणी सोपी आहे. चाके अधांतरी राहतील असा रोबोट विटांवर ठेवा, मोटर हळू चालू करा आणि रिमोट बंद करा. चाके थांबलीच पाहिजेत. न थांबल्यास दुरुस्ती होईपर्यंत खेळ बंद!

आणखी काही सूचना :

1. सेलच्या प्रत्येक संचावर पेनने खूण करा. नवे-जुने किंवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नका. दुबळा सेल लवकर खराब होतो.

2. अल्कलाइन सेल चार्जरमध्ये कधीही घालू नका. तो गळतो, फुटूही शकतो.

3. जुन्या पद्धतीचे चार्ज होणारे सेल नुसते पडून काही आठवड्यांत उतरत. सान्योने 2005 मध्ये एनेलूप आणल्यापासून महिनोन्महिने चार्ज टिकवणारे सेल मिळू लागले. रिमोटसाठी तेच घ्यावेत.

4. पेन्सिल सेलच्याच आकाराचे 3.7 व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. ते चुकून घातले तर रिमोट जळू शकतो. वेष्टनावरचा आकडा वाचल्याशिवाय सेल घालू नका.

5. निकामी सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत आग लागण्याचा धोका असतो. टोकांना चिकटपट्टी लावून ते दुकानातल्या बॅटरीच्या पेटीत टाका. 2022 मध्ये सुरू झालेल्या बी-सायकल योजनेच्या पेट्या अनेक सुपरमार्केटमध्ये आहेत.

आणि टीव्हीचा रिमोट? तो इतकी कमी वीज खातो की साधे सेलही त्याला महिनोन्महिने पुरतात. चार्ज होणारे सेल रोबोटसाठीच राखून ठेवा.