जीआर निघाला, पण स्क्रीनवरचा ‘ल’ मराठी झाला का?

रामटेकच्या संस्कृत विद्यापीठाचं नाव मोबाईलवर टाईप करा: कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय. यात ‘ल’ तीनदा येतो. आता जरा झूम करून बघा. तो शाळेच्या पुस्तकातल्यासारखा दोन पाकळ्यांचा आहे, की उजवीकडे उभी दांडी असलेला हिंदी वळणाचा?

राज्य सरकारने २००९ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये शासन निर्णय काढून सांगितलं, की मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. तरीही कित्येक मराठी वेबपेजवर हिंदी वळणच दिसतं. असं का?

कारण युनिकोडमध्ये ‘ल’ एकच आहे. मराठी असो की हिंदी, त्याचा कोड ०९३२ हाच. आकार ठरवतो फाँट. काही फाँटमध्ये दोन्ही आकार असतात. पण मजकूर मराठी आहे हे कुणी सांगितलंच नाही, तर फाँट आपला ठरलेला आकार दाखवतो, आणि तो बहुतेक वेळा हिंदीचा असतो.

उपाय दोन पायऱ्यांचा. पहिली पायरी एचटीएमएलमध्ये: पेजच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये ‘लँग’ हे ॲट्रिब्यूट लिहून त्याला ‘एमआर’ ही व्हॅल्यू द्यायची. म्हणजे ब्राउझरला कळतं, ही मराठी आहे. दुसरी सीएसएसमध्ये: मराठी मजकुराला दोन्ही आकार असलेला फाँट लावायचा. भाषा बघून नियम लावायची सोय सीएसएसमध्ये १९९८ पासून आहे.

हा नियम तीन ठिकाणी लिहिता येतो: थेट टॅगमध्ये, पेजच्या ‘हेड’ भागात, किंवा वेगळ्या फाईलमध्ये. टॅगमध्ये लिहिलं तर प्रत्येक परिच्छेदाला तेच पुन्हा लिहावं लागतं. ‘हेड’मध्ये लिहिलं तर ते त्या एका पेजपुरतं. वेगळी फाईल जोडली, की शंभर पेजची साईट एका बदलात सुधारते.

रामटेकसारख्या ठिकाणी तर एकाच पेजवर मराठी माहिती आणि कालिदासाचा संस्कृत श्लोक शेजारी-शेजारी येऊ शकतात. तेव्हा श्लोकाच्या टॅगला ‘एसए’, म्हणजे संस्कृत, असं वेगळं लिहायचं. दोघांना एकाच मापाने मोजायचं नाही.

काही जण यावर शॉर्टकट म्हणून अक्षरांचा फोटोच टाकतात. आकार बरोबर दिसतो, पण मजकूर कॉपी होत नाही, सर्चमध्ये सापडणं अवघड होतं आणि दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर तिथे अडतो.

जीआर अक्षराचं रूप ठरवू शकतो. ते स्क्रीनवर आणतो पेज बनवणारा. म्हणून कॉलेजची, ग्रामपंचायतीची किंवा स्वतःची साईट बनवत असाल, तर आधी ‘लँग’ तपासा. पहिली पाच मिनिटं तिथेच घाला, रंग आणि बॅनर नंतर.