प्रेशरची गोळी आणि मिठाचा हात

काही व्याधी आरडाओरडा करीत घरात शिरतात, तर काही पायरव न करता येऊन ओसरीवर ठाण मांडतात. वाढलेला रक्तदाब ही या दुसऱ्या जातीची व्याधी होय. आपल्याकडे घरोघर जिला नुसते 'प्रेशर' म्हणतात, तिच्यात बहुधा काही दुखत नाही, खुपत नाही. ती बोलते ती पुष्कळदा एकदमच: अर्धांगाच्या झटक्याने, हृदयविकाराच्या कळेने किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यावर. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख माणसांना हा विकार आहे. त्यांपैकी निदान झालेले शेकडा ३७, उपचार घेणारे शेकडा ३० आणि रक्तदाब आटोक्यात असलेले अवघे शेकडा १५! म्हणजे जे उपचार घेतात त्यांच्यातही निम्म्यांचा रक्तदाब काबूत नाही. गोमंतकीयांनी तर अधिकच सावध असावयास हवे. कारण त्याच वर्षी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष जाहीर झाले, त्यांत मधुमेहाच्या प्रमाणात गोवा शेकडा २६.४ या आकड्याने देशात पहिला ठरला. मधुमेह आणि रक्तदाब ही जोडगोळी एकत्र आली की हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड या तिन्ही आघाड्यांवर हल्ला होतो. हा पहिला क्रमांक भूषणावह नव्हे.

उपचार घेणाऱ्या निम्म्या लोकांचा रक्तदाब काबूत का नाही? त्याची कारणे अनेक आहेत, पण एक मोठे कारण असे की आपण गोळी सुरू करतो आणि बरे वाटताच सोडून देतो. 'गोळीची सवय लागेल', 'आता प्रेशर नॉर्मल आले, मग कशाला?' अशी वाक्ये आम्ही सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकतो. छत्रीमुळे आपण कोरडे राहिलो, म्हणून पाऊसच थांबला असे समजून भर आषाढात छत्री मिटणाऱ्यास काय म्हणावे? रक्तदाब नॉर्मल आला तो गोळीमुळे. गोळी व्याधी मुळातून उपटून काढीत नाही, ती तिला बांधून ठेवते. एखाद्या गोळीने पाय सुजत असतील वा कोरडा खोकला येत असेल, तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी. परस्पर बंद करू नये. सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही रक्तदाब चढू शकतो, हेही ध्यानी ठेवावे.

आज सहज मिळणाऱ्या या गोळ्यांची किंमत कळण्यासाठी थोडे मागे पाहावे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यांच्या हाती या विकारावर फारसे प्रभावी औषधच नव्हते. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याच वनस्पतीच्या उपयोगाविषयीचा निबंध ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. तिच्यातील द्रव्याने मन खिन्न होण्यासारखे दुष्परिणाम होत, म्हणून पुढे अधिक निर्धोक औषधे आली. तेव्हा 'मुळीचे औषध' म्हणून आज कोणी स्वतःच्या मनाने सर्पगंधा घेऊ नये. पण ज्या भूमीतील माणसाने या उपचाराची वाट रुंद केली, तेथेच लोकांनी गोळ्या अर्ध्यावर टाकाव्यात, ही विसंगती आम्हांस खटकते.

परंतु गोळी घेतली म्हणजे जिभेला मोकळे रान मिळाले असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमांपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. आणि आपले ताट? पेजेसोबत लोणचे, मिठात चेपलेली तोरे, पावसाळ्याच्या बेगमीचा खारा बांगडा, वर पापड! घाम जातो म्हणून मीठ हवे, हे समर्थन सावलीत बसून काम करणाऱ्यास लागू पडत नाही. उपासाचे सैंधव निरुपद्रवी, हाही भ्रमच. तेही मुख्यतः तेच मीठ. पूर्वजांनी खारवण टिकवणीसाठी शोधली. शीतकपाट असलेल्या घरात ती रोजच्या रोज कशाला? सुके मासे नित्याचे न करता अधूनमधून खावेत, आमटीतील मीठ हळूहळू उतरवावे. जीभ काही आठवड्यांत रुळते. जोडीला आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणे, वजन उतरविणे, तंबाखू सोडणे आणि मद्यापासून दूर राहणे. यातले काहीच खर्चाचे नाही. मात्र ही पथ्ये गोळीच्या जोडीला आहेत; गोळीऐवजी नव्हेत. गोळी कमी करावयाची की नाही, ते डॉक्टरांनीच ठरवावे.

लोकांना शहाणपण सांगताना सरकारला मोकळे सोडणे योग्य होणार नाही. शेजारच्या सिंधुदुर्गासह काही जिल्ह्यांत केंद्राच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने दाखवून दिले आहे की ठरावीक औषधे, त्यांचा अखंड साठा आणि परिचारिकांकरवी नियमित पाठपुरावा एवढ्या साध्या गोष्टींनीही फरक पडतो. काणकोण वा सत्तरीच्या गावातील रुग्णाला दर पंधरवड्यास दिवसाचा रोजगार बुडवून रांगेत उभे राहावे लागले, तर तो गोळी सोडणारच. म्हणून प्रत्येक आरोग्य केंद्रातून एका खेपेस निदान महिन्याची औषधे मिळावीत. ती संपण्यापूर्वी पुढची तयार असावीत. आणि जो रुग्ण फिरकला नाही त्याची चौकशी व्हावी. देवस्थान समित्यांनी जत्रेच्या दिवसांत मंडपाच्या एका कोपऱ्यात तपासणीची सोय केली, तर तीही सेवाच ठरेल.

वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे. तिशी ओलांडली असेल, तर या महिन्यातच रक्तदाब मोजून घ्या. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा, अर्धा तास आधी चहा-विडी घेऊ नका. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उद्याची वाट पाहू नका. ही व्याधी स्वतः हाक मारीत नाही. आपणच तिला शोधून काढले पाहिजे.