फुकटाच्या फाईलमधील घरभेदी

वेशीवर उभ्या असलेल्या शत्रूशी झुंजता येते. ज्याला आपणच दार उघडून आत घेतले, त्याच्याशी झुंजणे कठीण. जपानने दोन दशकांपूर्वी याचा दाहक अनुभव घेतला. मोबाईल आणि संगणक घरोघरी पोहोचलेल्या आपल्या समाजाने तो लक्षात घेतलाच पाहिजे.

इसामू कानेको या जपानी तंत्रज्ञाने 2002 साली ‘विन्नी’ ही फाईल वाटपाची प्रणाली प्रसृत केली. मध्यवर्ती यंत्रणा नाही. गाणी, चित्रपट, सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या संगणकावरून दुसऱ्याकडे जाणार. पुढच्याच वर्षी या वाटेने ‘ॲन्टिनी’ नावाचा विषाणू पसरू लागला. हवीहवीशी वाटणारी फाईल म्हणून तो येई आणि मालक स्वतःच ती उघडे. त्याचे पुढील अवतार अधिक घातक ठरले. संगणकातील खासगी कागदपत्रे उचलून ती याच वाटपाच्या बाजारात मांडून ठेवणे, हे त्यांचे काम. तेथून त्यांच्या प्रती ठिकठिकाणी उमटत आणि त्या परत गोळा करणे कोणाच्याही हाती उरत नसे.

2004 साली पोलिसांची तपासाची कागदपत्रे अशीच बाहेर पडली. 2005 मध्ये अणुवीज केंद्रांची माहिती फुटली, तर 2006 मध्ये ‘असायुकी’ या युद्धनौकेशी संबंधित गोपनीय माहिती. यामागे शत्रूचा कोणी हेर नव्हता. कचेरीचे काम कर्तव्यबुद्धीने घरी नेणारी माणसे होती आणि त्याच घरच्या संगणकावर फुकटच्या करमणुकीचा मोह होता. अखेर मार्च 2006 मध्ये मंत्रिमंडळाचे तत्कालीन मुख्य सचिव व पुढे पंतप्रधान झालेले शिंझो आबे यांना, विन्नी वापरू नका, असे आवाहन देशवासीयांना करावे लागले.

कानेको यांच्यावर स्वामित्वहक्कभंगास साहाय्य केल्याचा खटला झाला. 2006 साली क्योतोच्या न्यायालयाने त्यांना दंड ठोठावला. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोषता कायम केली. साधन आणि त्याचा वापर यांतील विवेक न्यायालयाने राखला. तो विवेक आपण राखतो काय?

विन्नीचे नाव मागे पडले, युक्ती मात्र तीच आहे. 2024 साली आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या नावाने मोबाईलवर ‘एपीके’ फाईल धाडून बँक खाती लुटण्याचे प्रकार उघड झाले. मंगल निमंत्रणाविषयीच्या आपल्या आपुलकीलाच भामट्यांनी हत्यार बनवले. 2004 पासून कार्यरत असलेली ‘सर्ट-इन’ ही शासकीय संस्था सावधगिरीच्या सूचना देते. पण घराच्या दारावर पहारा घरच्यांनीच करायचा असतो.

सार्वजनिक कार्य करणाऱ्यांची जबाबदारी तर दुहेरी आहे. कार्यकर्त्याच्या संगणकात सभासदांचे पत्ते असतात, देणगीदारांच्या याद्या असतात, संस्थेचे हिशेब असतात. ही इतरांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. ज्या संगणकावर ती आहे, त्यावर चोरीचा चित्रपट उतरवून घेणे म्हणजे तिजोरीची किल्ली उंबरठ्यावर ठेवणे होय. कामाचा संगणक वेगळा ठेवावा, सॉफ्टवेअर अधिकृत घ्यावे, अनोळखी फाईल ओळखीच्या माणसाकडून आली तरी खातरजमा केल्यावाचून उघडू नये. मुलांनाही हे धाकाने नव्हे, कारणे सांगून शिकवावे.

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोणीतरी मोजतच असतो. ती आपल्यावर विसंबलेल्यांना मोजावी लागू नये, एवढी दक्षता घेणे हे आजच्या काळातील नागरिकधर्माचेच अंग आहे.