टायमिंग बेल्ट तुटला, तर बिल कुणाच्या नावावर फाटतं?

सेकंडहँड गाड्यांच्या कुठल्याही ॲपवर डिझेल व्हॅन शोधून बघा. वीस-पंचवीस फोटो, नवी सीट कव्हरं, टायर ऐंशी टक्के, ‘सिंगल ओनर’, ‘इंजिन एक नंबर’ आणि ठळक अक्षरात किलोमीटर. टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे मात्र जाहिरातीत मला क्वचितच दिसतं. स्कूल व्हॅनसाठी, टूरसाठी किंवा डिलिव्हरीच्या धंद्यासाठी कर्ज काढून पहिली गाडी घेणाऱ्यासाठी खरं तर सगळ्यात महागाची माहिती तीच असते.

हा विषय आत्ता काढायचं कारण युरोपात आहे. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त खपणारी व्हॅन म्हणजे फोर्ड ट्रान्झिट कस्टम. तिच्या २.० लिटर इकोब्लू डिझेल इंजिनातल्या बेल्टबद्दल तिथले व्हॅनमालक आणि गॅरेजवाले सतत तक्रार करतायत. दुसरीकडे स्टेलँटिस (प्यूजो, सिट्रोएन, ओपल, फियाट वगैरे ज्यांच्या छताखाली येतात तो समूह) यांना एका पेट्रोल इंजिनातल्या अशाच बेल्टपायी वॉरंटी वाढवावी लागली आणि ग्राहकांना पैसेही परत द्यावे लागले. मला यात रबराच्या दर्जापेक्षा हिशेबाचा प्रश्न मोठा दिसतो. देखभालीचा खर्च पहिल्या मालकाच्या खिशातून अलगद दुसऱ्या मालकाच्या खिशावर सरकतो. आणि सेकंडहँड घेणारे आपण सगळे त्या दुसऱ्याच रांगेत उभे असतो.

बेल्ट नेमकं करतो काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट, वर कॅमशाफ्ट. क्रँक पिस्टनला वर-खाली नेतो, कॅम व्हॉल्व उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच व्हायला हवा, आणि तोही अगदी ठरलेल्या क्षणी. हा ताल जुळवायचं काम दातेरी रबरी पट्टा करतो, नाहीतर लोखंडी चेन करते. हायवेवर इंजिन मिनिटाला २,००० फेरे मारत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो. पट्टा तुटला तर कॅम जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र गाडीच्या वेगामुळे धावतच राहतो.

डिझेलमध्ये याची शिक्षा जास्त कडक. कॉम्प्रेशन रेशो साधारण १६:१, म्हणजे पिस्टन पार वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जागा जवळजवळ उरत नाही. उघडा राहिलेला व्हॉल्व तिथे सापडला की वाकतो. कधी रॉकर मोडतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो, कधी हेडच बाद होतं. हे सगळं सेकंदभरात. त्यात अनेक डिझेल इंजिनांत हाय प्रेशर फ्युएल पंपही याच बेल्टवर फिरतो आणि काहींत वॉटर पंपसुद्धा, त्यामुळे पट्ट्यावरचा ताण पेट्रोलपेक्षा वाढतो.

कोरडा बेल्ट: हा तरी ओळखीचा

आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत बेल्ट इंजिनच्या बाहेर, प्लास्टिकच्या कव्हरखाली कोरडा असतो. २००५ ला आलेल्या पहिल्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेलमध्ये हाच होता. निसान इव्हालिया आणि तिचीच जुळी बहीण अशोक लेलँड स्टाइल, शिवाय रेनॉ लॉजी आणि डस्टर, या सगळ्यांतलं १.५ लिटर डिझेलही बेल्टवालंच. (स्टाइल किती जणांना आठवते? चांगली ऐसपैस व्हॅन होती, चालली मात्र नाही.) २०१६ ला इनोव्हा क्रिस्टा आली तेव्हा टोयोटाने डिझेलमध्ये चेन घातली. स्विफ्ट आणि अर्टिगामधलं फियाटचं १.३ डिझेलही चेनवर चालायचं.

कोरड्या बेल्टचं आयुष्य कंपनी दोन आकड्यांत सांगते, किलोमीटर आणि वर्षं, आणि त्यातलं जे आधी भरेल ते धरायचं. गोची इथेच होते. गाडी कमी फिरली म्हणून रबर तरुण राहत नाही. दहा वर्षांत चाळीस हजार चाललेल्या गाडीचा बेल्ट ‘अजून नवाच आहे’ असं विकणारा मनापासून सांगेल, आणि तरीही तो चुकीचा असेल.

जुन्या इनोव्हाच्या डॅशबोर्डवर यासाठी खास ‘टी-बेल्ट’चा दिवा आहे. अनेकांना वाटतं की बेल्ट खराब झाला की दिवा लागतो. तसं नाहीये. तुमचा फोन बॅटरी हेल्थ दाखवतो तेव्हा आतली चिप चार्ज-डिस्चार्जवरून काहीतरी मोजत असते. हा दिवा काहीच मोजत नाही. ठरलेले किलोमीटर भरले की पेटतो, एवढंच. फोनच्या कॅलेंडरमधल्या रिमाइंडरसारखा समजा. बेल्टला हात न लावता तो विझवताही येतो, त्यामुळे ‘दिवा लागत नाहीये’ या वाक्याला खरेदीच्या वेळी काडीची किंमत नाही.

ब्लूटूथवर चालणारा ओबीडी डोंगल लावून फोनवर सगळं दिसेल, अशीही समजूत आहे. बेल्टने दात सोडला आणि कॅम-क्रँकचा ताल बिघडला तर पी००१६ सारखा कोड येऊ शकतो, पण तोवर चोर घरातून निघून गेलेला असतो. पट्ट्याची झीज सांगणारा सेन्सर साध्या गाडीत नसतो.

तेलात बुडवलेला बेल्ट

आता ब्रिटनकडे. २०१६ मध्ये फोर्डने २.२ लिटरचं जुनं, चेनवालं डिझेल बदलून इकोब्लू आणलं. यात बेल्ट इंजिनच्या आत, ऑइलमध्ये भिजत फिरतो, म्हणून त्याला ‘वेट बेल्ट’ म्हणतात. ऑइल पंपसुद्धा अशाच पट्ट्यावर चालतो. फायदे खरे आहेत. घर्षण कमी, आवाज कमी, इंजिन आखूड.

घर्षणावर एवढा जीव का? युरोपियन युनियनने २०२० साठी व्हॅनचं सरासरी लक्ष्य किलोमीटरला १४७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड ठरवलं होतं. त्यावरच्या प्रत्येक ग्रॅमला प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. लाखांनी व्हॅन विकणाऱ्या कंपनीसाठी एकेक ग्रॅम म्हणजे कोट्यवधी युरो. त्या दडपणाखाली इंजिनिअरने पट्टा तेलात बुडवला, तर त्याला वेडा म्हणता येणार नाही.

पण डिझेल व्हॅनचं तेल स्वच्छ राहत नाही. धूर गाळणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, साफ करायला इंजिन अधूनमधून जादा डिझेल जाळतं. व्हॅन दिवसभर गल्लीबोळात थांबत-थांबत पार्सलं वाटत असेल (तुमच्या-माझ्या ऑर्डरीच), तर हे जाळणं अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा पातळ झालेल्या तेलात रबर फुगतं, मऊ पडतं, कडेने सुटायला लागतं. चुकीच्या स्पेसिफिकेशनचं ऑइल घातलं की हेच आणखी लवकर होतं.

मग पट्टा तुटायच्या आधीच दुसरं मरण येतं. सुटलेला रबराचा चुरा तळाच्या ऑइल चेंबरमध्ये जातो आणि पंप जिथून तेल ओढतो ती जाळी तुंबते. प्रेशर पडतं. टर्बो आणि बेअरिंगना तेल मिळत नाही. बेल्ट अखंड, इंजिन खलास. कोरडा बेल्ट निदान कव्हर उघडून डोळ्यांनी बघता तरी येतो, इथे बघायलाच इंजिन उघडावं लागतं. ब्रिटनमध्ये हा बेल्ट बदलायचं काम हजारावर पौंडांत जातं आणि इंजिन गेलं तर बिल त्याच्या कितीतरी पट.

सुरुवातीला फोर्डने या बेल्टची मुदत सांगितली होती १० वर्षं किंवा २.४ लाख किलोमीटर. हा आकडा नीट बघा. कुरिअर कंपन्या आणि लीजवाले व्हॅन तीन-चार-पाच वर्षं वापरून काढून टाकतात. त्यांच्या वह्यांत बेल्टचा खर्च शून्य. ‘कमी देखभालीची गाडी’ हे त्यांच्यासाठी अक्षरशः खरंच असतं. नंतर तीच व्हॅन एखादा प्लंबर किंवा सुतार घेतो आणि बेल्टची वेळ त्याच्या दारात येते. त्याला ना त्या ग्रॅमचा फायदा मिळाला, ना पहिल्या मालकाने कुठलं ऑइल घातलं याचा पत्ता.

कंपनीच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. वेळेवर आणि नेमकं तेल मिळालेले अनेक वेट बेल्ट नीट चालतात. आणि चेन म्हणजे अमरपट्टा नव्हे. स्टेलँटिसच्याच १.५ लिटर डिझेलमध्ये, जे त्यांच्या छोट्या-मध्यम व्हॅनमध्ये सर्रास बसतं, दोन कॅमशाफ्टना जोडणारी ७ मिलिमीटरची बारीक चेन त्रास द्यायला लागली आणि पुढे ८ मिलिमीटरची घालावी लागली. म्हणून ‘चेन आहे ना, मग बिनधास्त’ हे मला पटत नाही. फरक एवढाच की चेन बहुतेक वेळा आधी खडखड करते. पट्टा गुपचूप जातो.

भरपाई मिळते, पण कुणाला?

स्टेलँटिसने प्युअरटेक पेट्रोल इंजिनांसाठी वॉरंटी १० वर्षं किंवा १.७५ लाख किलोमीटर केली, आधी खर्च केलेल्यांसाठी २०२५ च्या सुरुवातीला ऑनलाइन दाव्यांची सोय उघडली आणि नव्या हायब्रिड आवृत्तीत बेल्ट काढून चेन घातली. चांगली गोष्ट. पण अट अशी की सर्व्हिस वेळापत्रकानुसार झाल्याचा पुरावा हवा. तिसऱ्या हातातून व्हॅन-कार घेतलेल्या माणसाकडे नेमका तोच कागद नसतो.

आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डने १.० लिटर इकोबूस्टच्या १,३९,७३० गाड्या परत बोलावल्या. कारण होतं ऑइल पंपाच्या बेल्टचा टेन्शनर. त्यातल्या इकोस्पोर्ट चेन्नईच्या कारखान्यातून गेलेल्या. आणि २०२० ला भारतात आलेल्या एन्डेव्हरमध्ये ट्रान्झिटच्याच घराण्यातलं २.० इकोब्लू होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने इथलं गाड्यांचं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. त्या एन्डेव्हर आता सेकंडहँड बाजारात फिरतायत आणि दहा वर्षांचा आकडा २०३० च्या आसपास भरतोय.

सरकारी तपासणी यात मदत करत नाही. धंद्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं. तिथे ब्रेक, लाइट, धूर बघतात, बेल्ट नाही. ब्रिटनच्या एमओटी चाचणीतही नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनं हे एक क्षेत्र धरलंय. माझ्या मते तिथे प्रत्येक इंजिनसाठी तीन ओळी सक्तीच्या हव्यात: बेल्ट की चेन, कोरडा की तेलातला, आणि किती किलोमीटर किंवा वर्षांनी बदलायचा. एवढं जाहीर झालं तर ॲपवाल्यांना जाहिरातीत ती जागा ठेवावीच लागेल.

तोवर व्हॅन बघायला जाल तेव्हा तोंडी उत्तर घेऊ नका, बिल मागा. बिलावर तारीख आणि किलोमीटर हवेत आणि नुसता बेल्ट नको, टेन्शनर आणि आयडलरही हवेत. पंप त्याच बेल्टवर असेल तर तोसुद्धा. जुन्या टेन्शनरवर नवा पट्टा चढवून हजार-दोन हजार वाचवलेले असतात, ते पुढे अंगाशी येतात. वेट बेल्ट असेल तर ऑइलची बिलं बेल्टच्या बिलाइतकीच महत्त्वाची, आणि चेंबर खोलून जाळी बघायची मुभा मिळते का ते विचारा. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरून तेवढी रक्कम भावातून कापा. विकणारा ‘एवढ्यासाठी काय’ म्हणाला, तर त्याच गाडीचं बेल्ट किटचं कोटेशन फोनवर उघडून त्याच्यासमोर धरा.

आणि चालत्या गाडीचं इंजिन कुठलाही झटका न देता अचानक बंद पडलं, स्टार्टर मारल्यावर नेहमीपेक्षा हलकं, भुर्रकन फिरल्यासारखं वाटलं, तर तिथेच थांबा. पुन्हा सेल्फ मारू नका. घाटात चार जण जमून ‘धक्का मारू या’ म्हणतील, त्यांना चहा पाजा, पण गिअरमध्ये टाकून धक्का स्टार्ट करू देऊ नका. आधीच्या झटक्यातून वाचलेले व्हॉल्व बहुतेकदा या दुसऱ्या प्रयत्नात वाकतात. गाडी न्यूट्रलला ठेवून टोइंगवाल्याला फोन लावा.