वालाचे पोते आणि भुकटीचा डबा

मुरबाड तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या ओटीवर बसलो असता फळीवर प्रथिनयुक्त भुकटीचा डबा दिसला. आठ वर्षांच्या नातवाला अंग धरावे म्हणून मुलाने तो डोंबिवलीहून आणला होता. त्याच ओटीवर, बाजारात पाठविण्यासाठी तोंड शिवलेले वालाचे पोते उभे होते. “साहेब, वाल तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोच, पोराला ताकदीचं काही नको का?” असे आजीबाईंनी विचारले. त्यांचा प्रश्न आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कितीतरी घरांतून ऐकू येतो.

वाढत्या वयात शरीराला प्रथिने लागतात, हे निर्विवाद होय. किती लागतात, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलास दररोज १६ ग्रॅम, सात ते नऊ वर्षांच्या मुलास २३ ग्रॅम, आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास ४५ व मुलीस ४३ ग्रॅम प्रथिने पुरतात. आता त्या नातवाचाच हिशेब करू. दिवसभरातील भात-भाकरीचे धान्य २०० ग्रॅम धरल्यास त्यातून सुमारे १४ ग्रॅम, ३० ग्रॅम वालातून सात ग्रॅम आणि पेलाभर दुधातून सहा ग्रॅम मिळतात. बेरीज २७ होते. एखादे दिवशी अंडे मिळाले तर आणखी सहा. खाल्लेले सर्व अंगी लागत नाही, हे गृहीत धरूनही डब्यावाचून काम भागते.

तथापि नुसत्या भातावर हे साधत नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो. कडधान्यात जे उणे ते धान्य भरून काढते. म्हणून वरण-भात किंवा बिरडे-भात ही जोडी शास्त्रालाही मान्य आहे. तसेच मुलाच्या पोटात पुरेसे धान्य व तेल गेले नाही, तर शरीर महागडी प्रथिनेही सरपणासारखी जाळून टाकते. अर्धपोटी मुलाला भुकटी देणे व्यर्थ होय. वाल मात्र भिजवून, पाणी टाकून, मोड आणून, सोलून व नीट शिजवूनच द्यावा. कच्च्या वालातील काही द्रव्ये पचनात अडथळा आणतात.

डबा घेणाऱ्याने त्यावरील बारीक अक्षरांतील कोष्टक वाचावे. काही माल्टयुक्त भुकट्यांत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमही प्रथिने नसतात आणि साखर त्याच्या कितीतरी पट असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेये ‘आरोग्यपेय’ या वर्गातून काढण्याची सूचना केली, ती उगीच नव्हे. वैद्याने आजारी मुलास काही लिहून दिले असेल, तर ती गोष्ट निराळी.

परंतु शहरातील आईला दोष देऊन भागणार नाही. सकाळची लोकल गाठणाऱ्या बाईस दोन दिवस वाल भिजवीत व सोलीत बसण्यास सवड कोठून असावी? डबा तिला सोपा वाटतो. आणि आपण शेतीखात्यातील मंडळी तरी काय करतो? भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर, दवाच्या आधाराने वाल येतो. पाटाचे पाणी लागत नाही. तरीही जिल्ह्यातील कितीतरी भातखाचरे कापणीनंतर ओस पडतात. बियाण्याची अडचण थोडी, मोकाट गुरांची फार. एकट्याने वाल पेरला तर तो गावच्या गुरांच्या तोंडी जातो. गावाने ठरवून गुरे बांधली आणि एका पट्ट्यातील सर्वांनी मिळून पेरणी केली, तरच पीक हाती लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रामसभेत या एका विषयावर घालविलेली संध्याकाळ आमच्या दहा व्याख्यानांहून अधिक उपयोगी ठरेल.

त्या पोत्यातील चार पायली वाल घरासाठी काढून ठेवावा, एवढीच विनंती मी आजीबाईंना केली. उरलेला बाजारात जावा; पण तो मोड आणून, सोलून गेला तर अधिक बरे. मुरबाड-शहापूरकडील महिला बचत गटांनी सोललेले बिरडे कल्याण-डोंबिवलीच्या भाजीबाजारात सकाळी पोहोचविले, तर त्यांना दामही बरा येईल आणि तेथील आईला तयार जिन्नस मिळेल. आजीबाईंनी पोत्याची शिवण उसवली. डबा मात्र फळीवरच राहिला, कारण त्यातील चॉकलेटची चव नातवाला आवडते.