‘रॉयल चार्ल्स’ कुणी घालवलं?

जून १६६७. डच आरमार मेडवे नदीत शिरलं, आडवी बांधलेली लोखंडी साखळी तोडली आणि इंग्लंडच्या राजाच्या नावाचं ‘रॉयल चार्ल्स’ ओढून घेऊन गेलं. जहाजावर लढायला माणसंच नव्हती. मग लंडनने काय केलं? चॅटम गोदीचा कमिशनर पीटर पेट याला टॉवरच्या कैदेत टाकलं. दोषी सापडला, फाइल बंद!

शुद्ध ढोंग. पैसा नाही म्हणून त्या वर्षी मोठी जहाजं समुद्रात काढायचीच नाहीत, हा निर्णय काय पेटचा होता? तो राजाचा आणि त्याच्या सल्लागारांचा. खलाशांच्या हातात पगाराऐवजी चिठ्ठ्या टेकवल्या जात; त्या पडेल भावात विकून ते पोट भरत. नौदल कचेरीतल्याच सॅम्युअल पेपिसने कानावर आलेली गोष्ट रोजनिशीत टिपून ठेवलीय: डच जहाजांवरून इंग्रजीत आरोळ्या येत होत्या, की आधी चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोकड्यासाठी लढतोय. यांना गद्दार म्हणताय? आधी थकबाकी द्या, मग बोलू.

(हाच राजा पुढच्या वर्षी मुंबई बेट वर्षाला १० पौंडांवर कंपनीला देऊन मोकळा झाला.)

जहाजाच्या पिछाडीवरचं कोरीव राजचिन्ह आजही अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.